श्रूजबरी : सेव्हर्नच्या वळणातले सरहद्दीचे शहर

गढीकर

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सला अगदी लागून असलेल्या श्रॉपशर काउंटीचे श्रूजबरी हे मुख्य ठाणे. न्यायालय, तुरुंग, बाजारपेठ आणि काउंटीचा कारभार शतकानुशतके जिथे एकवटला होता, असे हे गाव आहे. लंडन, एडिंबरा आणि सरोवरांचा प्रदेश या ठरीव सहलींच्या वाटेवर ते येत नाही, आणि आपल्याकडे कुणाला नाव ठाऊक असलेच तर ते पुण्याच्या बिस्किटांमुळे. त्या विषयावर पुढे कुणी तरी लिहीलच. मला या धाग्यात एक मत मांडायचे आहे. या शहरातल्या बहुतेक जुन्या वास्तू दोन गोष्टींनी घडवल्या : एक वेल्सची सरहद्द आणि दुसरी सेव्हर्न नदी. मात्र यांतली जी वास्तू साऱ्या जगाच्या उपयोगी पडली, ती शहराच्या चौकात नाही, उत्तरेच्या उपनगरात आहे, आणि कित्येक वर्षे तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हते.

आधी जागा समजून घेऊ. सेव्हर्न नदी इथे इतके मोठे वळण घेते, की जुने शहर जवळजवळ चहूबाजूंनी पाण्याने वेढले गेले आहे. कोरडा मार्ग राहतो तो फक्त ईशान्येच्या अरुंद चिंचोळ्या पट्टीतून, आणि नेमक्या त्याच पट्टीवर तांबड्या वालुकाश्मात बांधलेला किल्ला उभा आहे. ज्याने ही जागा निवडली, त्याला गडाची जागा हेरण्याची नजर होती हे मान्य करायला हवे. नॉर्मनांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर विल्यम राजाने ही सरहद्द रॉजर द माँटगोमेरी या आपल्या विश्वासू सरदाराच्या हवाली केली, आणि त्याने इथे किल्ला उभारला. किल्ल्याची किंमत कुणी मोजली, याची नोंद १०८६ च्या डूम्सडे नावाच्या महसूल-पाहणीत सापडते. शहरात पूर्वी २५२ घरे होती, त्यांपैकी ५१ घरांची जागा किल्ल्याने गिळली, ४३ घरे फ्रेंच वसाहतवाल्यांकडे गेली आणि ३९ नागरिक मठाला देऊन टाकले गेले. यांपैकी कुणीच सारा भरत नव्हते. पण एकूण साऱ्याची रक्कम मात्र जुन्या राजाच्या काळाइतकीच राहिली, आणि हे आपल्यावर फार जड जाते, असे गाऱ्हाणे तिथल्या इंग्रज नागरिकांनी पाहणी करणाऱ्यांपुढे मांडले. साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या करदात्यांची तक्रार इतक्या स्वच्छ आकड्यांत शिल्लक राहावी, हे मला किल्ल्याच्या भिंतींपेक्षाही मोलाचे वाटते.

वर उल्लेखलेला मठ म्हणजे श्रूजबरी ॲबी. रॉजरनेच १०८३ मध्ये नदीच्या पूर्वेला, वळणाच्या बाहेर, बेनेडिक्टाइन साधूंसाठी तो स्थापन केला. आठव्या हेन्रीच्या काळात देशातले मठ मोडीत निघाले, तेव्हा चर्चचा पश्चिमेकडचा भाग गावाच्या प्रार्थनेसाठी वाचला आणि बाकीच्या इमारतींचा दगड हळूहळू नाहीसा झाला. उरलेल्या आवारातून १८३० च्या दशकात लंडन-होलीहेड रस्ता काढण्यात आला. साधू जेवत असताना ज्या व्यासपीठावरून धर्मग्रंथ वाचला जाई, ते कोरीव दगडी व्यासपीठ आज रस्त्यापलीकडे, भोजनगृहाच्या भिंतींशिवाय, एकटेच उभे आहे. चर्च पाहून परत फिरणाऱ्या बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही.

सरहद्दीचे शहर असल्याने रक्तपातही पुष्कळ झाला. ११३८ मध्ये स्टीफन राजाने बंडखोरांकडून किल्ला घेतला आणि नव्वदहून अधिक शिबंदीला फासावर लटकवले. १२८३ मध्ये पहिल्या एडवर्डने वेल्सचा शेवटचा स्वतंत्र राजपुत्र दाविद अप ग्रिफिद याला पकडून इथे आणले, त्याच्यावर खटला चालवला आणि ३ ऑक्टोबर रोजी फरफटत नेऊन, फाशी देऊन, देहाचे तुकडे करण्याची शिक्षा भर शहरात अमलात आणली. ज्या ठिकाणी हे घडले, त्या हाय क्रॉसजवळ आज कपड्यांची आणि मोबाइलची दुकाने आहेत.

पुढे वेल्स शांत झाले आणि त्याच सरहद्दीतून पैसा येऊ लागला. वेल्सच्या डोंगराळ भागातले हातमागावरचे जाडेभरडे लोकरी कापड विकत घ्यायचे, श्रूजबरीच्या कारागिरांकडून त्यावर लव काढून ती कातरून घ्यायची आणि मग ते लंडनला पाठवायचे, असा हा व्यापार होता. कापड-व्यापाऱ्यांच्या संघाला १४६२ मध्ये राजाची सनद मिळाली, आणि सोळाव्या-सतराव्या शतकांत या संघाने या व्यापारावर जवळजवळ मक्तेदारी मिळवली. शहरातली काळ्या-पांढऱ्या लाकडी चौकटीची प्रसिद्ध घरे याच पैशातून उभी राहिली. हाय स्ट्रीटवरचा आयर्लंड मॅन्शन हा वाडा लोकर-व्यापाऱ्याचाच. चौकातला जुना मार्केट हॉल १५९६ चा : खाली कमानींच्या आडोशाला धान्याचा बाजार भरे आणि वरच्या दालनात कापडाचे सौदे होत. खालच्या कमानींच्या आत एका खांबावर ओळीने भोके पाडलेली दिसतात. मालाची मोजदाद करताना त्यांत खुंट्या सरकवून हिशेब ठेवत असत. आता वरच्या मजल्यावर चित्रपटगृह आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्र कापडाचा धंदा बसला. ब्रिस्टॉल वाहिनीपासून सेव्हर्नमधून शिडाच्या होड्या मालाने भरून इथवर येत असत. पण कालवे आणि चांगले रस्ते झाल्यावर तीही वाहतूक ओसरू लागली. याच सुमारास, १७८७ मध्ये, थॉमस टेलफर्ड नावाचा तिशीतला स्कॉटिश गवंडी किल्ल्याची डागडुजी करण्यासाठी इथे आला आणि श्रॉपशरचा बांधकाम-अधिकारी झाला. त्याच्या बाबतीतला एक किस्सा इथे सांगायलाच हवा. सेंट चॅड या जुन्या चर्चचे छप्पर गळत होते म्हणून कारभाऱ्यांनी त्याला बोलावले. छपराचे नंतर पाहू, खाली थडगी खणता खणता मनोऱ्याच्या खांबाचा पायाच पोखरला गेला आहे, असे त्याने बजावले. हा स्वतःसाठी काम उकरून काढतो आहे, अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा चर्चा लांबवायची असेल तर बाहेर जाऊन करा, असे सांगून तो निघून गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ९ जुलै १७८८ च्या पहाटे, घड्याळाने चारचे टोले दिले आणि मनोरा चर्चवर कोसळला. जुन्या चर्चचे एक लहानसे उपमंदिर शिल्लक आहे, आणि नवे सेंट चॅड दुसऱ्या जागी १७९२ मध्ये पूर्ण झाले. ते गोलाकार आहे, आणि अनेक जुन्या नागरिकांना ते मुळीच आवडले नव्हते.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. शहराच्या उत्तरेला डिदरिंग्टन भागात १७९६-९७ मध्ये अळशीच्या धाग्याची एक पाचमजली गिरणी बांधली गेली. लीड्सचा जॉन मार्शल, श्रूजबरीचे बेन्यन बंधू आणि चार्ल्स बेज हे तिचे भागीदार होते. त्या काळच्या गिरण्यांत लाकडी तुळया, लाकडी जमीन, हवेत उडणारे धाग्याचे तुसे आणि उजेडासाठी उघडे दिवे असत, त्यामुळे त्या काडीसारख्या पेटत. मार्शलच्या लीड्समधल्या गिरणीला १७९६ मध्ये आग लागून मोठे नुकसान झाले होते. बेजने या गिरणीचा खांबांपासून तुळयांपर्यंतचा सारा सांगाडा ओतीव लोखंडाचा केला. खांब आणि तुळया दोन्ही लोखंडाच्या असलेली ही जगातली पहिली इमारत. पुढे शिकागो आणि न्यूयॉर्कमध्ये जे गगनचुंबी मनोरे उभे राहिले, त्यांची वंशावळ मागे नेत गेले की ती इथे येऊन थांबते. क्लाइव्हचा पुतळा चौकात आहे, लॉर्ड हिल हा सेनापती चाळीस मीटर उंच खांबावर चढून बसला आहे, आणि बेजच्या गिरणीची इमारत १९८७ मध्ये बंद पडल्यावर तिच्या खिडक्यांवर फळ्या ठोकल्या गेल्या. २०२२ मध्ये ती दुरुस्त होऊन लोकांसाठी पुन्हा उघडली, तोवर या शहराने आपला सर्वांत मोठा वारसा अडगळीत ठेवला होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

चिंतोपंत

लेख उत्तम उतरला आहे. परंतु २१ जुलै १४०३ ची श्रूजबरीची लढाई आपण गाळली, याचे आश्चर्य वाटले. शहरापासून सुमारे पाच किलोमीटरवर, उत्तरेच्या शेतांत, चौथा हेन्री आणि नॉर्थम्बरलंडच्या पर्सी घराण्यातला ‘हॉटस्पर’ या नावाने गाजलेला सरदार यांची गाठ पडली. चार वर्षांपूर्वी याच पर्सींनी हेन्रीला गादीवर बसवले होते. उंच धनुष्ये वापरणारे इंग्रज तिरंदाज इंग्लंडच्या भूमीवर दोन्ही बाजूंना मोठ्या संख्येने समोरासमोर ठाकले, ती ही पहिली मोठी लढाई मानली जाते. हॉटस्पर मारला गेला. त्याला आधी सन्मानाने पुरले होते, पण तो जिवंत असल्याच्या अफवा उठल्या, म्हणून राजाने प्रेत उकरून काढून श्रूजबरीत उभे करून लोकांना दाखवले.

युवराज त्या वेळी सोळा वर्षांचा होता आणि त्याच्या चेहऱ्यात बाण घुसला. दांडी निघाली, पण टोक हाडात खोल रुतून बसले. जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्याने जखम हळूहळू रुंद केली आणि मुद्दाम घडवून घेतलेला एक बारीक चिमटा आत सरकवला; त्याच्या मधला स्क्रू फिरवला की चिमट्याचे पाते बाणाच्या पोकळ टोकात फाकून घट्ट बसे. अशा रीतीने टोक बाहेर काढल्यावर जखमेवर मधाचे उपचार केले. ब्रॅडमोरने हे सारे लिहून ठेवले आहे. तोच मुलगा पुढे पाचवा हेन्री झाला. रणभूमीवर मृतांसाठी बांधलेले चर्च आजही उभे आहे आणि त्या गावठाणाचे नावच बॅटलफील्ड असे आहे.

दर्यावर्दी

क्लाइव्हचा उल्लेख एका वाक्यात उरकलात, तो मला पुरेसा वाटत नाही, कारण या माणसाचा आपल्या किनाऱ्याशी थेट संबंध आला होता. प्लासीच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर इंग्रजांनी जो हल्ला केला, त्यात आरमार ॲडमिरल वॉटसनचे होते आणि जमिनीवर उतरलेल्या फौजेचा सेनापती हाच रॉबर्ट क्लाइव्ह होता. मोहीम पेशव्यांशी झालेल्या करारानुसार, दोघांनी मिळून करायची होती. तोफगोळ्यांनी आंग्र्यांच्या गलबतांना आग लागली आणि एकापासून दुसऱ्याला पेटत जाऊन अख्खे आरमार खाक झाले. क्लाइव्हने रात्रीच फौज उतरवली ती मुख्यतः पेशव्यांचे सैन्य किल्ल्यात आधी शिरू नये म्हणून. आत सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज सापडला, आणि तो इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि शिपायांनी आपसांत वाटून घेतला; लुटीची वाटणी कशी करायची हे मुंबईहून निघण्यापूर्वीच बैठक घेऊन ठरले होते. पेशव्यांच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. किल्ला त्यांच्या ताब्यात मिळायलासुद्धा ऑक्टोबर उजाडला, आणि त्याच्या बदल्यात बाणकोट इंग्रजांकडे गेले.

आंग्र्यांचे आरमार मोडायला नानासाहेब पेशव्यांनीच इंग्रजांना बोलावले, ही आपल्या इतिहासातली फार मोठी चूक होती, असे मी मानतो. पण ती चर्चा इथे वाढवत नाही. मला विचारायचे आहे ते असे, की श्रूजबरीतल्या लोकांना त्यांच्या चौकातला हा माणूस नेमका कोण होता, याची कितपत जाणीव आहे?

गढीकर

चिंतोपंत, लढाईची भर घातल्याबद्दल आभारी आहे. रणभूमी शहराबाहेर असल्याने मी ती बाजूला ठेवली होती, पण चिमट्याची हकीकत यायलाच हवी होती.

दर्यावर्दी, क्लाइव्ह श्रॉपशरचाच. मार्केट ड्रेटनजवळच्या स्टाइच इथे १७२५ मध्ये त्याचा जन्म झाला. हिंदुस्थानातून गडगंज होऊन परतल्यावर त्याने या काउंटीत जमिनी घेतल्या. १७६१ पासून १७७४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो श्रूजबरीचा खासदार होता आणि १७६२ मध्ये इथला महापौरही झाला. पुतळा मात्र त्याच्या हयातीतला नाही. मारोकेत्ती या शिल्पकाराने केलेला तो पुतळा १८६० मध्ये बसवला गेला, म्हणजे १८५७ च्या उठावानंतर अवघ्या काही वर्षांत, आणि हा योगायोग समजायचे मला कारण दिसत नाही. २०२० मध्ये ब्रिस्टॉलला गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा लोकांनी पाण्यात ढकलल्यावर इथेही क्लाइव्ह हटवावा म्हणून हजारो सह्यांचे अर्ज आले. काउंटीच्या परिषदेने पुतळा जागेवरच ठेवायचे ठरवले. त्याच्या कारकिर्दीची माहिती शेजारी द्यावी, हा विचार त्याच चर्चेतून पुढे आला.

माझे वैयक्तिक मत विचाराल तर पुतळा तिथेच असावा, परंतु माहितीत बंगालबरोबर विजयदुर्गाचाही उल्लेख असावा. लुटीच्या पैशातून खासदारकीपर्यंत जाण्याचा जो मार्ग त्या काळी रूढ झाला, त्याचे इतके ढळढळीत उदाहरण दुसरे नाही.

यंत्रवेडा

गिरणीबद्दल थोडे तांत्रिक लिहितो, कारण ‘लोखंडी सांगाडा’ एवढे म्हटल्याने बेजचे कर्तृत्व नीट कळत नाही. ओतीव लोखंड दाब उत्तम सहन करते, पण ताण आला की ठिसूळपणे तडकते. खांबावर दाबच येतो, त्यामुळे लोखंडी खांब आधीही वापरले गेले होते. डर्बीच्या विल्यम स्ट्रटने ते काही वर्षे आधी गिरण्यांत बसवले होते, पण त्याच्या तुळया लाकडीच होत्या आणि त्यांना गिलावा चढवलेला असे. तुळई वाकते तेव्हा तिच्या खालच्या बाजूला ताण येतो, आणि म्हणून ओतीव लोखंडाची तुळई करणे धाडसाचे होते. बेजने स्ट्रटशी पत्रव्यवहार केला, चाचण्या पाहिल्या आणि हिशेब मांडून तुळयांचे आकार ठरवले. या इमारतीचे मोल मुख्यतः त्या हिशेबात आहे. तोवर गवंडी आणि सुतार अनुभवावरून अंदाजाने माप धरत.

प्रत्यक्ष पाहताना खांबांकडे नीट पाहावे. त्यांचा छेद अधिकचिन्हासारखा आहे आणि ते मध्यभागी किंचित फुगीर आहेत, कारण उंच खांब दाबाखाली मध्येच वाकण्याचा धोका असतो. दोन तुळयांच्या मध्ये विटांच्या चपट्या कमानी टाकल्या आहेत, त्यावर भराव घालून वरच्या मजल्याची जमीन केली आहे आणि कमानींचा बाहेरचा रेटा सावरायला घडीव लोखंडाचे ताणदांडे बसवले आहेत. लाकूड कुठेच नाही. विटाही नेहमीपेक्षा मोठ्या आहेत. त्या काळी विटांवर नगाप्रमाणे कर लागत असे, तेव्हा मोठी वीट वापरली की कर कमी, हा व्यवहारही त्यात होता. ओतकाम विल्यम हेझलडाइन या श्रूजबरीच्याच कारखानदाराचे, आणि टेलफर्डच्या मेनाय झुलत्या पुलाचे लोखंडही पुढे त्यानेच पुरवले.

मृणाल_वि

इमारतीचे कौतुक ऐकताना त्या इमारतीत कोण राबत होते हे विसरले जाते, म्हणून लिहिते. या गिरणीत मोठ्या संख्येने मुले होती, आणि त्यांतली कित्येक अनाथ किंवा दरिद्री कुटुंबांतली, लांबच्या गावांतून शिकाऊ कामगार म्हणून आणलेली. त्यांना ठेवण्यासाठी आवारातच वेगळी इमारत होती आणि ती आजही उभी आहे. १८३२ मध्ये कारखान्यांतल्या बालमजुरीची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे जोनाथन डाउन या माणसाने साक्ष दिली. तो सात वर्षांचा असताना मार्शलच्या श्रूजबरीच्या गिरणीत कामाला लागला होता. पोर पेंगू लागले की मुकादम त्याच्या खांद्याला हात लावून बोलावी, कोपऱ्यातल्या पाण्याने भरलेल्या लोखंडी टाकीत त्याला पाय धरून उलटे बुडवी आणि पुन्हा कामाला धाडी, असे त्याने सांगितले.

आग लागू नये यासाठी इतका हिशेब मांडणाऱ्या मालकांना या मुलांच्या झोपेचा हिशेब मांडता आला नाही. गढीकर, आपण क्लाइव्हच्या बाबतीत जी माहिती लावायची मागणी करता, तीच इथेही लागू होते.

गढीकर

मृणालताई, आपला मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. एवढेच जोडतो, की या मुलांची हकीकत आपल्यापर्यंत पोहोचते ती त्या साक्षीमुळेच. १८३३ चा कारखाना कायदा अशा साक्षींच्या पाठबळावर झाला, आणि नऊ वर्षांखालील मुलांना कापडगिरण्यांत घेण्यास त्याने बंदी घातली, रेशीम गिरण्यांचा अपवाद सोडून. सुताचे काम १८८६ मध्ये थांबले. त्यानंतर १८९७ च्या सुमारास इमारतीत बार्लीला मोड आणून माल्ट करण्याचा कारखाना आला. मनोऱ्यावर जो लोखंडी मुकुट दिसतो, तो त्याच वर्षीच्या व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा. माल्टसाठी अंधार लागतो म्हणून गिरणीच्या पुष्कळ खिडक्या विटांनी बुजवल्या गेल्या, आणि दर्शनी भाग आज इतका चमत्कारिक दिसतो त्याचे ते कारण आहे.

सुगरणीचा_खोपा

बिस्किटांचा विषय कुणीच काढत नाही असे पाहून शेवटी मीच लिहिते. श्रूजबरी केक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पातळ, खुसखुशीत गोड बिस्किटांचा उल्लेख इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकापासून सापडतो. मैदा, लोणी, साखर आणि त्यात गुलाबपाणी, जायफळ किंवा शहाजिऱ्यासारखा सुवासिक मसाला, अशी जुनी कृती होती. शहरातल्या कॅसल स्ट्रीटवर एका दुकानाच्या भिंतीवर पाटी आहे, आणि १७६० मध्ये पेलिन नावाच्या बेकरीवाल्याने आपल्या खास कृतीने ही बिस्किटे इथे केली, असे ती पाटी सांगते. उल्लेख त्याआधी दोनशे वर्षांचे असताना पाटीत ‘मूळ’ बिस्किटांचा दावा केलेला पाहून गंमत वाटते.

पुण्याच्या ईस्ट स्ट्रीटवरची इराणी कुटुंबाची कयानी बेकरी १९५५ ची. तिच्या श्रूजबरी बिस्किटांत मसाला नसतो, लोण्याचाच स्वाद पुढे असतो. इंग्लंडमधली जुनी कृती घरी करून पाहिली, तेव्हा शहाजिऱ्यामुळे घरच्या मंडळींनी नाके मुरडली आणि डबा बरेच दिवस भरलेला राहिला. माझ्या मते पुणेकरांनी मसाला काढला हे चांगलेच केले.

पानगळ

चार्ल्स डार्विन इथलाच, हे अजून आले नाही. १२ फेब्रुवारी १८०९ रोजी शहराच्या फ्रँकवेल भागातल्या ‘द माउंट’ या घरात त्याचा जन्म झाला, वर उल्लेखलेल्या गोल सेंट चॅड चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला आणि श्रूजबरी स्कूलमध्ये तो वसतिगृहात राहून शिकला. सहाव्या एडवर्डने १५५२ मध्ये स्थापलेल्या या शाळेची जुनी इमारत आता सार्वजनिक ग्रंथालय आहे, आणि दारात डार्विनचा बसलेला पुतळा आहे. शाळेत ग्रीक-लॅटिनशिवाय काही शिकवले नाही, अशी त्याची आयुष्यभर तक्रार होती.

पण मला सांगायचे आहे ते बेलस्टोन या दगडाबद्दल. शहरात एका आवारात तो साधारण गुडघाभर उंचीचा दगड आजही ठेवलेला आहे. स्थानिक दगडांची आवड असलेल्या कॉटन नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने कुमारवयातल्या डार्विनला तो दाखवला आणि सांगितले, की या जातीचा खडक इथून कंबरलंड किंवा स्कॉटलंडपेक्षा जवळ कुठेच नाही, आणि हा इथे कसा आला हे कुणी उलगडण्याआधी जगाचा अंत होईल. बर्फाच्या हालचालीने असे दगड दूरवर वाहून जातात हे काही वर्षांनी वाचल्यावर आपल्याला केवढा आनंद झाला, ते डार्विनने आत्मचरित्रात लिहिले आहे.

सेंट मेरी चर्चच्या कळसाची कथाही याला जोडून आहे. १८९४ च्या वादळात त्याचा वरचा भाग कोसळला, तेव्हा गावकरी डार्विनचे स्मारक करू पाहतात म्हणून देवाने ही शिक्षा दिली, असे तिथल्या पाद्र्याने जाहीर केले. पुतळा तरीही १८९७ मध्ये उभा राहिला.

आणखी एक. पहिल्या महायुद्धातला कवी विल्फ्रेड ओवेन याचे आईवडील श्रूजबरीत राहत होते. तो ४ नोव्हेंबर १९१८ रोजी मारला गेला आणि मृत्यूची तार घरी पोहोचली ती ११ तारखेला, युद्धसमाप्तीच्या घंटा वाजत असताना. शेवटच्या निरोपाच्या वेळी त्याने रवींद्रनाथांच्या ओळी म्हटल्या होत्या, आणि त्याच ओळी त्याच्या टिपणवहीत सापडल्या, असे त्याच्या आईने १९२० मध्ये रवींद्रनाथांना पत्राने कळवले.

यंत्रवेडा

स्टेशनबद्दल एक ओळ. १८४८ ची इमारत ट्यूडर धाटणीत बांधली आहे आणि फलाट पुढे थेट नदीवर गेले आहेत. रुळांच्या त्रिकोणात उभे असलेले १९०३ चे सिग्नल-घर १८० खटक्यांचे आहे. हाताने खटके ओढून चालवले जाणारे इतके मोठे सिग्नल-घर जगात दुसरे चालू स्थितीत उरलेले नाही.

नवा_वाचक

पुढच्या महिन्यात बर्मिंगहॅमला मुलीकडे जाणार आहोत. श्रूजबरी एका दिवसात पाहून होईल का? आणि नदीला पूर येतो असे ऐकले, त्याचा त्रास होतो का?

गढीकर

बर्मिंगहॅमहून रेल्वेने साधारण तासाभरात पोहोचता येते आणि स्टेशनातून बाहेर पडल्याबरोबर किल्ला डोक्यावर दिसतो. तिथून सुरुवात करून जुन्या शाळेवरून आणि सेंट मेरीवरून चौकात यावे. सेंट मेरीतली चौदाव्या शतकातली रंगीत काच चुकवू नये. पश्चिमेच्या दाराशेजारी रॉबर्ट कॅडमन या डोंबाऱ्याच्या स्मरणार्थ पाटी आहे. कळसापासून नदीपलीकडे बांधलेल्या दोरावरून घसरत येण्याचा खेळ करताना दोर तुटून तो मेला. मग वाइल कॉपच्या उतारावरून इंग्लिश ब्रिज ओलांडून ॲबीकडे जावे आणि परत येऊन नदीकाठच्या क्वॉरी बागेत बसावे. गिरणी शहराच्या मध्यापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे; तिच्यासाठी अर्धा दिवस वेगळा ठेवावा, नाहीतर दुपारपर्यंत काळ्या-पांढऱ्या घरांतच वेळ संपतो आणि ती राहून जाते.

पुराबद्दल सांगायचे तर तो मुख्यतः हिवाळ्यात येतो. २००० मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२० मध्ये तो मोठा होता. पहिल्या पुरानंतर फ्रँकवेलला भिंती आणि वेळ पडल्यास उभ्या करता येणाऱ्या पत्र्यांचे संरक्षण केले आहे, पण इतर सखल भागांत अजून पाणी शिरते. जुने शहर टेकाडावर असल्याने तिथे अडचण येत नाही. फक्त नदीकाठचे वाहनतळ आणि पायवाटा बंद असू शकतात. रेल्वेनेच जात असाल तर त्याची चिंता करू नये.